अधू पाखरासाठी पिंजरा घेण्याआधी

पिंजरा घ्यायला बाजारात जायची घाई करू नका. आधी एक-दोन दिवस पाखराजवळ बसा आणि नुसतं बघा.

ते कुठल्या पायावर भार देतं? दांडी धरताना बोटं मिटतात, की पाय नुसता टेकलेला असतो? चढताना चोच किती वापरतं? पडतं तेव्हा कुठल्या अंगावर पडतं, आणि आपलं आपण उठतं का? रात्री कुठे झोपतं? जे दिसेल ते कागदावर लिहा. हा कागद खिशात घालूनच दुकानात जा, म्हणजे रंगीत घुमट आणि झोके बघून भुलायला होणार नाही.

त्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या.

पहिली कायद्याची. बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड ही परदेशी कुळातली पाखरं घरी पाळता येतात. आपल्या झाडांवरचा हिरवा, लाल चोचीचा पोपट मात्र पाळता येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे. मांज्याने पंख कापलेला असा पोपट अंगणात सापडला, तर दया म्हणूनही त्याला पिंजऱ्यात ठेवून घेऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला कापड घाला, त्याला आत ठेवून खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पाणी चोचीत ओतू नका, ठसका लागून जीव जातो.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. पाय अचानक अधू झाला असेल तर पिंजरा नंतर, डॉक्टर आधी. बजरीगराच्या मूत्रपिंडात गाठ झाली की ती पायाची नस दाबते आणि पाखरू एका पायाने लंगडू लागतं. बाहेरून पायाला काहीच झालेलं दिसत नाही. पायांवर पांढरे, खडबडीत पापुद्रे असतील तर ती बारीक किडीची लागण असू शकते, आणि ती औषधाने बरी होते. तळवा लाल, सुजलेला असेल तर कडक, गुळगुळीत, एकाच जाडीची दांडी आणि रोजची नुसती बाजरी ही दोन कारणं बघा. दाण्यांत अ जीवनसत्त्व फारसं नसतं, म्हणून गाजर, कोथिंबीर, पालक थोडं थोडं द्यायला लागा. कोंबड्या-कुत्र्यांच्या डॉक्टरांना पाखरांचा सराव असतोच असं नाही, तेव्हा तसं आधी विचारून जा. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय माहीत असतं. प्राण्यांसाठीचं हे रुग्णालय 1883 पासून आहे.

आता पिंजरा.

अधू पाखरू पडणार, हे मनाशी धरून चला. एका पायाचा बजरीगर वर कसा चढतो ते जवळून बघा. आधी चोचीने तार पकडतो. मान आखडून अख्खं अंग वर ओढतो. मग पाय उचलून वरच्या तारेवर टाकतो. तेवढ्या क्षणभर सगळा भार चोचीवर असतो. धडधाकट पोपटाचे दोन्ही पाय वेळेला धावून येतात, याचा एकच येतो, आणि तो सटकला की पाखरू खाली. दिवसातून असं कितीदा तरी होतं. तुम्ही पडणं थांबवू शकत नाही. पडल्यावर लागू नये, एवढं मात्र नक्की करू शकता.

म्हणून पिंजरा उंच नको, लांब हवा. बजरीगरासाठी लांबी अडीच फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट धरा. कॉकाटीलसाठी लांबी तीन फूट आणि बाकी दोन-दोन फूट. दुकानदार उंच मनोरा दाखवेल, कारण तो दिवाणखान्यात शोभतो. त्यात वरच्या दांडीवरून निसटलेलं पाखरू तीन फूट खाली आपटतं. छाती फुटते, नाहीतर उरलेला पाय दुखावतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. बिचारं अधू आहे म्हणून काहीजण त्याला वीतभर पिंजऱ्यात ठेवतात. तसं पाखरू हलणंच सोडतं, अंगावर चरबी चढते, आणि चरबीचा भार त्याच अधू पायावर येतो. दोन्ही पंख पसरले तरी कुठेही टेकू नयेत, इतकी जागा कमीत कमी हवीच. प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960च्या कायद्याने क्रूरता आहे. उंची, लांबी, रुंदी असं तिन्हींचं नाव कायद्याच्या त्याबद्दलच्या कलमात घेतलेलं आहे.

गोल पिंजरा घेऊच नका. वर तारा एकमेकींजवळ येतात, त्या बेचक्यात बोट अडकतं. ज्याला एकच पाय आहे त्याचा तो पाय अडकला तर सोडवायला दुसरा नाही.

तारा आडव्या हव्यात, निदान दोन लांब बाजूंना तरी. उभ्या तारेवरून अधू पाखरू घसरत खाली येतं. आडव्या तारा त्याला शिडीसारख्या वापरता येतात. दोन तारांमधलं अंतर बजरीगराला अर्धा इंच, कॉकाटीलला त्याहून किंचित जास्त, पण पाऊण इंच नको. डोकं बाहेर जाऊन अडकेल इतकी फट म्हणजे फास. बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतं, म्हणून दुकानदाराला नाव सांगू नका, पट्टीने अंतर मोजा.

दार वरून सुरीसारखं खाली पडणारं नको. बाजूला उघडणारं, आणि तुमचे दोन्ही हात आत जातील एवढं मोठं हवं. अधू पाखराला बऱ्याचदा हाताने उचलावं लागतं. लहान दारातून त्याला ओढून काढताना जी झटापट होते तिनेच पंख मोडतो.

तारेवर पांढरी भुकटी दिसते का, बोट फिरवून बघा. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त जाळीवर ती असते. पोपट तारा चावतो, आणि चोचीने चढणारा तर दिवसभर चावतो. जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. पावडर कोटिंग केलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा परवडत असेल तर तोच घ्या. नाइलाजाने जस्ताचा घ्यावा लागला तर व्हिनेगर लावून काथ्याने खसाखसा घासा, धुऊन उन्हात वाळवा. धोका कमी होतो, संपत नाही. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा बनवून घेणार असाल तर त्याला तारांमधलं अंतर कागदावर लिहून द्या, तोंडी सांगून भागत नाही.

पिंजरा घरी आला की आतलं सगळं काढून टाका. दुकानातून येणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या, आरसा, घंटी, झोका, सगळं. मग तळापासून सुरुवात करा.

तळाला तारेची जाळी असते. घाण खाली पडावी म्हणून ती असते. धडधाकट पाखराला चालते. अधू पाखराला ती सोसत नाही, कारण त्याचा बराच वेळ खाली जातो. जाळी काढा. काढता येत नसेल तर तिच्यावर जाड पुठ्ठा टाका. त्यावर मऊ कापड, आणि वर वर्तमानपत्राचा साधा कागद. कागद रोज बदलायचा, कापड दोन दिवसांनी.

कापड कुठलं, हे महत्त्वाचं. टर्किश टॉवेल घालू नका. त्याच्या बारीक फाशांत नखं अडकतात. टाके सुटलेली गोधडी नको. सुटा दोरा बोटाला गुंडाळला की रक्त थांबतं आणि बोट वाळून गळतं. फ्लीसच्या जुन्या ब्लँकेटचा तुकडा सगळ्यांत बरा. नाहीतर जुन्या सुती साडीच्या तीन-चार घड्या करा आणि कडा शिवून घ्या.

आता दांड्या. सगळ्या तळापासून वीतभर उंचीच्या आत बसवा. गुळगुळीत प्लास्टिक किंवा बांबू नको, पाय सटकतो. पेरूची सालीसकट फांदी चांगली. ती एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी बारीक असते, त्यामुळे तळव्याच्या एकाच जागी भार येत नाही. फवारणी न झालेल्या झाडाची तोडा, धुवा, कडक उन्हात वाळवा. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे. दांडीला गुंडाळायला वाळूच्या कागदाची नळी मिळते. तिने नखं घासली जातात म्हणतात. नखं राहतात तशीच, तळवे मात्र सोलतात. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वतःलाच चिकटणारी मऊ पट्टी दांडीला गुंडाळा. पाखरू ती कुरतडून गिळत नाही ना, एवढं बघा.

ज्याची बोटं मिटतच नाहीत त्याला दांडी देऊन उपयोग नाही. त्याला फळी द्या. हाताच्या पंजाएवढी, रंग न दिलेल्या लाकडाची, कोपऱ्यात पक्की बसवलेली. कोपऱ्यात अशासाठी, की दोन बाजूंनी तारांचा टेकू मिळतो. पाखरू अंग टेकवून झोपतं. तळापासून फळीपर्यंत उतरती पाटी लावा आणि तिच्यावर बोटभर अंतराने आडव्या काड्या बांधा. काही दिवसांत तेच वर-खाली करू लागतं.

दाणे आणि पाणी उथळ, जड वाट्यांत द्या. एक वाटी तळाला, एक फळीजवळ. तीच ती चढाई करून थकलेलं पाखरू खायचं टाळतं आणि तुम्हाला वाटतं भूक नाही. पाणी बोटाच्या एका पेराएवढंच ठेवा. उलटं पडलं तर बुडायला नको. वाटी दांडीच्या बरोबर खाली ठेवू नका, नाहीतर विष्ठा पाण्यात.

अधूपण एकसारखं नसतं, त्याप्रमाणे थोडं बदला.

दोन्ही पाय जन्मापासून बाजूला फाकलेले असतील तर तारांच्या पिंजऱ्यापेक्षा रुंद, बुटका प्लास्टिकचा टब बरा. झाकणाच्या जागी जाळी. तळाला मऊ आणि न घसरणारं अंथरूण. अशा पाखराची छाती सतत जमिनीला घासते. तिथली पिसं गळून कातडी लाल होते का, रोज उलटं करून बघा. विष्ठा चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून कोरडं करा.

आंधळ्या पाखराच्या पिंजऱ्यात एकदा मांडलेलं हलवू नका. वाटी उजवीकडे तर कायम उजवीकडेच. हात घालण्याआधी बोला, त्याला नावाने हाक मारा.

चोच वाकडी असेल तर दाणा सोलता येत नाही. त्याला खोलगट वाटी नको, पसरट बशी द्या, आणि भिजवलेलं, मऊ खाणं. वाकडी चोच घरी नेलकटरने कापू नका. तिच्यात रक्तवाहिनी असते.

पंखाने अधू पण पायाने धड असेल, तर वर सांगितलेल्यातलं निम्मं त्याला लागणारच नाही. पण उडणारं पाखरू निसटलं तरी पंख मारून सावरतं, हे दगडासारखं पडतं. त्याच्यासाठीही बुटकेपणा आणि मऊ तळ तितकाच हवा.

सोबतीला धडधाकट पाखरू असेल तर लक्ष ठेवा. बजरीगर प्रेमळ दिसतात, पण वाटीशी ढकलाढकली करतात. अधू मागे राहतं. शेजारी-शेजारी दोन पिंजरे ठेवा. बोलणं-चालणं होतं, मार चुकतो.

पिंजरा कुठे ठेवायचा? स्वयंपाकघरात नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा धूर माणसाला जाणवायच्या आत पाखराला मारतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांच्या खोलीतही नाही. भिंतीकडे पाठ करून, टेबलावर, तुमच्या कमरेच्या उंचीला ठेवा. एक बाजू भिंतीची असली की पाखराला धीर येतो. बाल्कनीत एकटं सोडू नका. कावळा तारांतून चोच घालतो आणि हे मागे सरकू शकत नाही.

मुंग्यांची गोष्ट मात्र नीट ऐका. खाली बसलेलं, न उडणारं पाखरू आणि सांडलेले दाणे, म्हणजे मुंग्यांना आमंत्रणच. रात्रीत पायाच्या जखमेला लागतात. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आणि टेबल भिंतीला अगदी चिकटवू नका, बोटभर फट राहू द्या. मुंग्यांचा खडू मात्र पिंजऱ्याच्या आसपास ओढू नका. तो विषच आहे.

रात्री मंद दिवा राहू द्या. कॉकाटील अंधारात दचकून धडपडतो, दिवाळीत तर हमखास. फटाके सुरू व्हायच्या आधी पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि तीन बाजूंनी चादर टाका. चौथी हवेसाठी उघडी ठेवा.

नवा पिंजरा आला म्हणून पाखराला लगेच त्यात टाकू नका. तीन-चार दिवस नवा पिंजरा जुन्याशेजारी दार उघडं करून ठेवा. ओळखीची वाटी आधी आत जाऊ द्या. मग सकाळी पाखराला हलवा, म्हणजे अख्खा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर जाईल.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, खाण्याआधी, वजन करा. बजरीगर साधारण तीस ते चाळीस ग्रॅमचा असतो, कॉकाटील ऐंशी ते शंभरचा. छोट्या डब्यात बसवून डब्याचं वजन वजा करा. दहावा हिस्सा वजन घटलं तर वाट्या, फळ्या पुन्हा मांडत बसू नका. पाखराला घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला लिहिलेला तो कागदही बरोबर न्या, त्यांना तोच सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल.