पट्ट्यावर दुसरं नाव कुणाचं?



१५ ऑक्टोबर २०१४ ला विधानसभेचं मतदान होतं. १ ऑगस्ट २०१४ ला आपला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, म्हणून त्या वर्षी उमेदवार जरा जास्तच गोड बोलत होते. जीप पाड्यापर्यंत येते. रस्त्याचं बोलतात, पाण्याचं बोलतात. आपणही दरवेळी तेच विचारतो: वनपट्ट्यांचं काय? दावे का पडून आहेत? मोजणीत जमीन कमी का लागली? ते विचारायचंच. मी त्यात एक प्रश्न वाढवणार आहे. तो ऐकून संघटनेतलेच काही साथी हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

आमच्या पाड्यात दोन बाया एकत्र राहतात. त्यांची नावं लिहीत नाही, पाड्याचंही लिहीत नाही. थोरली साठीच्या जवळची. धाकटीचं लग्न लावून दिलं होतं, ती नांदली नाही, परत आली आणि हिच्या झोपडीत राहिली. त्याला वीस वर्षं होऊन गेली. दोघींनी मिळून जंगलातला प्लॉट कसला. राब भाजला, नाचणी-वरई लावली, खालच्या अंगाला बांध घालून भाताचं खाचर काढलं. गार्ड आला तेव्हा दोघींनी शिव्या खाल्ल्या. दंडाची पावती मात्र एकीच्याच नावाने फाटली. पाड्याला सगळं माहीत आहे. कुणी गप्प राहतं, कुणी मागून हसतं. लग्नकार्याचं आवतण दोघींना मिळून एकच जातं.

वनहक्काचे दावे भरले तेव्हा मी वनहक्क समितीत होते. अर्जात पहिला रकाना दावेदाराच्या नावाचा, दुसरा पती किंवा पत्नीच्या नावाचा. मी थोरलीला विचारलं, "दुसऱ्या रकान्यात काय लिहू?"

ती म्हणाली, "तुला म्हाईत हाय ना? मंग लिही की."

मी पेन धरून बसले. मग आडवी रेघ मारली. पट्टा आला तो थोरलीच्या एकटीच्या नावाने. ती रेघ सरकारने मारली नाही, मी मारली. हे आधी कबूल करते.

आता थोरली खाटेला खिळलीय. तिच्या भावाचे मुलगे कधी त्या प्लॉटात नांगराला हात लावायला आले नव्हते. या पावसाळ्यात येऊन पावलांनी जमीन मोजून गेले. धाकटी मला म्हणाली, "ही हाय तवर मी हाय. मंग मी कुठं जायाचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आपला वनहक्क कायदा काय म्हणतो ते मला पाठ आहे. २००६ च्या या कायद्यात कलम ४ चं पोटकलम ४ आहे. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. घरात एकटाच कर्ता असेल तर त्याच्या एकट्याच्या नावाने. पट्टा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. थेट वारस नसेल तर हक्क जवळच्या नातेवाइकाकडे जातो. नवरा-बायको दोघांची नावं घालायला लावली हे चांगलंच झालं. त्यामुळे कितीतरी बायांचं नाव पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर आलं. पण या दोघी कुठे बसतात? कायद्याच्या लेखी थोरली एकटी आहे आणि धाकटी तिची कुणीच नाही. वीस वर्षं कसणारी बाहेर आणि पावलं मोजणारा पुतण्या वारस.

काही साथी म्हणतील, हे शहरातलं खूळ आहे, आपल्यात असलं काही नव्हतं. जरा आठवून बघा. आपल्या वारल्यांत कितीतरी जोडपी लग्नाआधीच नांदायला लागतात. पोरं होतात. पैसा जमला की मग धवलेरीला बोलावून लग्न लावतात. त्याआधी त्यांना कुणी नवरा-बायको म्हणायचं थांबत नाही. कोण कुणासोबत नांदतं हे पाड्याने डोळ्यांनी बघितलं आणि मानलं. कागद लागला तो तलाठ्याला. मी असं म्हणत नाही की आपल्यात सगळं गोड आहे. पोरगा बाईसारखा चालतो म्हणून त्याला झोडपलेलं मी पाहिलंय, भगताकडे नेलेलं पाहिलंय. असाच एक पोरगा पाडा सोडून गेला. आता साडी नेसून लोकलच्या डब्यात टाळी वाजवून मागतो. मागतो की मागते, तेही नीट लिहायला मी शिकतेय. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव, म्हणून जातीचा दाखलाही त्याच नावाचा. आता तो दाखला घेऊन ती कुठल्या खिडकीवर उभी राहणार? आदिवासी म्हणून मिळायचं तेही गेलं.

आता थोडं जुनं सांगते, कारण आपलं आणि त्यांचं दुखणं एकाच घरातून आलेलं आहे. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्यातल्या ३७७ कलमाने दोन पुरुषांचा संबंध गुन्हा ठरवला, मग तो राजीखुशीचा का असेना. बायांना ते खरंच लागत होतं का हे धमकी देणारा बघत नव्हता. पोलीस ठाण्याचं नाव काढलं की पुरायचं. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याच्या पहिल्या भागात अख्ख्या जमाती जन्माने चोर ठरवल्या. पुढे आपले पारधी भाऊ त्यात अडकले. दुसऱ्या भागात कोण होतं हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यात हिजडे होते. त्यांची नावं रजिस्टरात घ्यायची. बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय धरायचा. आणि नाव रजिस्टरात गेलं की त्याला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. म्हणजे आपल्या माणसाला काही देताच येणार नाही. माझ्या पाड्यातल्या धाकटीचं दुखणं वेगळं काय आहे?

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला. ३१ ऑगस्टला विमुक्त जमाती तो दिवस पाळतात. राजीखुशीच्या संबंधापुरतं ३७७ मात्र २०१८ पर्यंत राहिलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधाला हे कलम लावता येणार नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. म्हणाले की हे लोक फारच थोडे आहेत, आणि कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा.

थोडे आहेत! हे ऐकून मला हसू आलं नाही, कारण हे आपण कायम ऐकतो. धरणात इतकीच घरं बुडतात, खाणीत इतकेच पाडे जातात. त्याच वर्षी, १८ एप्रिल २०१३ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निकाल दिला. डोंगरिया कोंध काही हजार लोक. त्यांच्या देवाच्या डोंगरावर खाण होणार होती. न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. तेव्हा आपण इथे पाड्यात ढोल वाजवला होता. थोड्या लोकांचा हक्क मोठ्या कंपनीपुढे टिकतो, यावर आपण नाचलो. मग तोच हिशोब दुसऱ्या थोड्या लोकांना का नाही?

१५ एप्रिल २०१४ ला आणखी एक निकाल आला. तृतीयपंथी माणूस स्वतःला जे मानतो ते सरकारने मानावं, कागदावर तसं लिहावं, त्यांना मागास धरून शिक्षणात-नोकरीत जागा द्याव्यात, असं न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना सांगितलं. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. निकाल चांगला आहे. पण निकाल आणि तहसील यांच्यात किती अंतर असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वनहक्क कायदा २००६ चा, आणि आपले दावे अजून कपाटात आहेत.

म्हणून मतदार म्हणून माझी अपेक्षा काय, ते सरळ लिहिते. उमेदवार आला की हेच विचारणार आहे.

एक. एप्रिल २०१४ च्या निकालाप्रमाणे तहसील, शाळा आणि रेशन दुकान यांना सरकारने लेखी आदेश द्यावा. नाव बदललेल्या तृतीयपंथी माणसाला रेशनकार्ड आणि जातीचा दाखला नव्या नावाने मिळावा. आदिवासीपण लुगड्याने किंवा विजारीने ठरत नाही.

दोन. ज्या घरात दोन बाया किंवा दोन पुरुष मिळून कसतात, तिथे ग्रामसभेने ठराव दिला तर पट्ट्यावर दोघांची नावं घालावीत. दिलेल्या पट्ट्यातही दुसरं नाव वाढवता यावं. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत असेल तर राज्याने केंद्राकडे मागावी.

   

तीन. दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात "तुझं नातं काय?" विचारून सोबतीच्या माणसाला बाहेर काढू नये.

"आपले प्रश्न काय कमी आहेत?" असं एका जुन्या साथीने मला विचारलं. कुपोषण आहे, रोजगार हमीची मजुरी थकलीय, रेल्वेला आणि रस्त्याला जमीन जातेय. खरं आहे, दादा. पण हा प्रश्नही जमिनीचाच आहे. कसेल त्याची जमीन असं आपण म्हणतो. कसणारी कुणासोबत झोपते हे बघून जमीन द्यायची, असं त्या घोषणेत कुठे आहे?

सरकार कधी ऐकेल ते ऐकेल. एक काम आपल्या हातात आजच आहे. दावा तपासायचं काम ग्रामसभेपासून सुरू होतं, हे कलम ६ सांगतं. दोन सज्ञान माणसं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून मिळून कसत असतील आणि दावा अजून भरला नसेल, तर प्रत्येकाने आपापल्या हिश्शाचा वेगळा दावा भरावा. दोघांची वहिवाट ग्रामसभेच्या ठरावात नावानिशी लिहावी, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यावेत. आणि समितीत माझ्यासारखी कुणी पेन धरून बसली असेल तर तिने माझ्यासारखी रेघ मारू नये.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मी आमच्या दोघींचा ठराव मांडणार आहे: हा प्लॉट दोघींनी कसला, थोरलीच्या मागे धाकटीला कुणी उठवू नये. पुतणेही तिथे असतील. सरकारी कागदापुढे तो ठराव किती टिकेल ते पुढे बघू. पाडा काय म्हणतो ते मात्र त्या दिवशी कळेल. तुमच्या पाड्यात अशी माणसं असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांची राजी असेल तरच नाव घ्या.

मतदान गुपचूप असतं, प्रश्न मात्र मोठ्याने विचारा.

जिंदाबाद!

— वनहक्क समितीची एक जुनी सदस्य