चिताऱ्यांच्या भिंती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचं फूल आधी ग्राफपेपरवर चौकट-चौकट भरलं जातं, मग जकार्डवर चढतं. नक्षीत मुरलेल्या तिथल्या आमच्या वाचकांपुढे यंदाच्या अंकात जुन्या वाड्यांमधली भित्तिचित्रं ठेवत आहोत. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, चांदवडला होळकरांचा रंगमहाल. भिंतींवर देवदेवता, वेलबुट्टी. वाड्यांचे धनी इतिहासात ठळक, बहुतेक चितारी मात्र निनावी. हे आम्हाला खुपतं, म्हणून अंकाचा रोख धन्यांपेक्षा त्या हातांवर आहे. घाई एवढ्यासाठी, की वाटण्या होतात, गिलावा ढासळतो, डिस्टेंपरच्या एका हातात सगळी वेल बुजते. तुमच्या गावच्या वाड्यात अशी भिंत असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी तिचा फोटो काढा आणि आम्हाला जरूर पाठवा.