सोडा कोणता आणि किती?

कॅडेट मित्रांनो, ‘सोडा’ या एका शब्दापायी उन्हाळी सुट्टीत माझे दोन बोर्ड वाया गेले. आमचे घर तंजावरी मराठ्यांचे, कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरला. तिथे मी सर्किट बोर्ड करायला घेतला. तांब्याच्या थरावर ड्राय फिल्म चिकटवली, वर आराखड्याची पारदर्शिका ठेवून प्रकाश दिला. प्रकाश लागलेली फिल्म कडक होते. न लागलेली डेव्हलपरमध्ये विरघळते आणि तिथले उघडे पडलेले तांबे पुढे फेरिक क्लोराइड खाऊन टाकते.

डेव्हलपरसाठी दुकानातून ‘सोडा’ आणला, तो निघाला खाण्याचा. कितीही घासले तरी फिल्म ढिम्म. मग मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा अंदाजपंचे पाण्यात टाकला. बघता बघता रेषांसकट सगळी फिल्म सुटून आली. दोष कॉस्टिकचा नव्हता. काम संपल्यावर फिल्म काढून टाकायला त्याचेच सुमारे ३ टक्के द्रावण वापरतात. मी ते काम आधीच करून बसलो होतो!

हवा होता धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोरडी भुकटी, पाणी सुमारे ३० अंशांचे. भुकटीऐवजी खडे मिळाले, तर त्यांच्यात पाणी असते, म्हणून २७ ग्रॅम घ्यावे लागतात. चमच्याने हा फरक कळत नाही, तराजूने कळतो.

हे द्रावण शिंकडले तेव्हा आजोबा जवळ उभे होते. ते म्हणाले, “बोर्ड गेला तर दुसरा येईल. त्या कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला असता तर?” मी गप्प झालो. अल्कलीची इजा डोळ्यात खोलवर जाते. प्रबोधिनीच्या वैद्यकीय तपासणीची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तो एक थेंब महाग आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपल्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबने ड्राय फिल्म आणि धुण्याचा सोडा हीच पद्धत नेमाने वापरावी. काही मित्र म्हणतात, लेप दिलेले पॉझिटिव्ह बोर्ड वेळ वाचवतात. खरे आहे, पण त्यांना सहसा सौम्य का होईना, कॉस्टिकच लागते. ते काम सरांच्या देखरेखीखाली, चष्मा आणि हातमोजे घालूनच व्हावे. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडे थोडे टाकायचे, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य. डोळ्यात उडालेच, तर लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवून डॉक्टरांकडे धाव घ्यायची.

आणखी एक सूचना. प्रत्येक बाटलीवर रसायनाचे पूर्ण नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी, आणि काय बिघडले तेही वहीत टिपावे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह जपलेल्या आहेत. राजाच्या दरबारी जर इतके टिपून ठेवत, तर आपल्याला एक चिठ्ठी चिकटवायचा कंटाळा का यावा?

तिसरा बोर्ड नीट उतरला. वहीत मात्र पहिल्या दोघांचीही नोंद आहे.