क्लबांच्या गल्लीत मुले नकोत



‘गोव्यात मुलांनाही सगळे पाहू द्या, जग कळते’ हे वाचकपत्र मुळीच पटले नाही. दिवाळीत चाकणच्या कंपन्यांना सुट्टी लागली की आमच्या मोशीतून गाड्या भरभरून गोव्याला निघतात. मुले बरोबर असणारच, असावीतही. प्रश्न रात्री दहानंतर बागा किनाऱ्याजवळच्या क्लबांच्या गल्लीचा आहे. तिथे पाच-सहा वर्षांची एक मुलगी कानांवर हात दाबून आईच्या ओढणीत तोंड खुपसत होती आणि वडील मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. तिला यातून कोणते जग कळले?

‘मग मुलांना ठेवायचे कोणाकडे?’ ही पत्रलेखकाची अडचण खरी आहे. आई-वडिलांनी पाळीपाळीने जावे, नाहीतर तेवढा कार्यक्रम सोडावा. मांडवी नदीतल्या कॅसिनोंत तर २१ वर्षांखालच्यांना खेळायला बंदीच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला. तशा वेळी गर्दीतून मूल कडेवर घेऊन बाहेर कसे पडणार? मंगेशी, आग्वादचा किल्ला, जुन्या गोव्यातली चर्च दिवसा मनसोक्त दाखवा. रात्री मुलांना वेळेवर जेवू घालून झोपू द्या.

– एक वाचक, मोशी