कलम बांधण्याआधी गिऱ्हाईक बांधा



आपल्या जव्हार-मोखाड्यात रोपवाटिकेची प्रशिक्षणं भरपूर होतात. कोय कलम शिकवतात, काजूचं कलम शिकवतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. फक्त एक गोष्ट कोणी शिकवत नाही : ही रोपं घेणार कोण?

विचारलं की ठरलेली दोन उत्तरं येतात.

पहिलं उत्तर, "योजनेतून उचल होईल." माझा यावर आक्षेप आहे. योजना हे गिऱ्हाईक नव्हे. तिचं उद्दिष्ट वर बसून ठरतं, मंजुरीला उशीर झाला की पाऊस निघून जातो आणि पिशव्या आपल्या दारात राहतात. एका संस्थेने माझ्याकडे तोंडी मागणी नोंदवली आणि ऐन जुलैत निम्मीच रोपं नेली. उरलेल्या रोपांना पाणी मी घातलं. पाऊस इथे धो धो पडतो, पण फेब्रुवारीनंतर हंड्याला रांग लागते. न विकलेलं रोप उन्हाळाभर जगवणं म्हणजे काय, ते इथल्या बाईला विचारा.

दुसरं उत्तर, "मुंबईला विका, बाल्कनीवाले घेतील." मोगऱ्याचं उदाहरण देतात. अहो, मोगरा दादरला जातो कारण फूल रोज लागतं, तिथे व्यापारी बसलेला आहे आणि अनेकांची फुलं एकाच गाडीत जातात. बाल्कनीवाला वर्षाला दोन कुंड्या घेणार. त्याच्यासाठी घाट उतरून रोप पोचवायचं तर भाडं रोपापेक्षा महाग पडतं.

मग गिऱ्हाईक कुठे आहे? शेजारच्या पाड्यात! वनपट्टा मिळालेली कुटुंबं बघा. वरकस उतार आहे, नागली-वरई निघाली की जमीन मोकळी आणि माणसं वीटभट्टीवर. त्यांना झाडं हवीत, पण रोप मरेल ही भीती आहे. फुंडकर फळबाग योजनेत अनुदान ३ वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली त्यावर ठरतात. म्हणजे रोप मेलं की हप्ताही गेला. म्हणून रोप विकू नका, जगलेलं झाड विका. खड्डा दाखवायला जा, दिवाळीनंतर एक चक्कर मारा, मेलेल्याच्या जागी दुसरं द्या. हे लांबच्या मोठ्या नर्सरीला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

हिशोब सरळ आहे. आंबा १० बाय १० मीटरवर लावला तर एकरी ४० झाडं. २० घरांनी अर्धा-अर्धा एकर धरला तर ४०० कलमं. आधी ही २० नावं वहीत लिहा, कलमामागे थोडा इसार घ्या, मग मर धरून ५०० बांधा. कोयी जून-जुलैत रुजवायच्या आणि माल पुढच्या पावसाळ्यात द्यायचा, म्हणजे नावं कोयी रुजवण्याआधीच हवीत. कृषी विभागाचा परवानाही आधीच काढा, नाहीतर योजनेतला शेतकरी तुमच्याकडून घेऊच शकणार नाही.

आणि जाहिरात? आपल्याच बांधावर दहा झाडं नीट वाढवा. विक्रमगड-जव्हारकडे मोगरा पसरला तो शेजाऱ्याचा ताटवा बघूनच. आपला माणूस पत्रक वाचून झाड लावत नाही, शेजाऱ्याची फांदी बघून लावतो.

प्रशिक्षण देणाऱ्यांना एकच मागणी : शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासोबत २० नावांची वही तपासा. वही कोरी असेल तर प्रशिक्षण अर्धवट झालं असं समजा. रोपवाटिका चालली तर दोन घरं भट्टीवर जायची थांबतील, आणि ती नुसत्या कलमांवर चालत नाही.