मानेला हिसका देण्याआधी नोंदणी दाखवा




भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून भुदरगड तालुक्यातल्या बाया-बाप्यांच्या कंबरा धरतात. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, पाय मुरगळला की तालमीतले वस्ताद आणि हाड मोडले की हाडवैद्य, ही आमच्याकडची जुनी वाट. अलीकडे मोबाईलवर मान कटकन मोडून दाखवणारे व्हिडिओ घरोघर पोहोचले आहेत. त्यांच्या जोरावर कुठल्याशा हॉलमध्ये दोन-तीन दिवसांची शिबिरे भरतात. फलकावर कधी ऑस्टिओपॅथी लिहिलेले असते, कधी कायरोप्रॅक्टिक, कधी मर्मचिकित्सा. उपचार करणाऱ्याचे शिक्षण काय आणि त्याची नोंदणी कुठे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. हाताने करायच्या उपचारांवर माझा विश्वास आहे. म्हणूनच बिननोंदणीच्या माणसाला कुणाच्या मणक्यावर जोर लावू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी या हाताने करायच्या उपचारपद्धतीचा विचार १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. आज या एका नावाखाली अनेक पद्धती आहेत आणि त्या सगळ्या एका मापाने मोजता येत नाहीत. एका पद्धतीत आखडलेले स्नायू दाबून, ताणून सैल करतात. दुसरीत रुग्णाचीच ताकद वापरतात : तो आपला पाय उपचारकाच्या हातावर हलकेच रेटतो, उपचारक तेवढ्याच जोराने थोपवून धरतो, काही सेकंदांनी दोघेही सैल सोडतात आणि सांधा आधीपेक्षा थोडा पुढे जातो. असे तीन-चारदा करतात. यात हिसका नाही आणि धोकाही फार कमी. तिसरी पद्धत झटक्याची. व्हिडिओत दिसते ती हीच. त्या वेळी येणारा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. आवाज मोठा आला म्हणजे गुण मोठा येतो, असे काही नाही. कवटीची हाडे बोटांनी हलवून आजार बरा करण्याचा दावा करणारी एक शाखाही आहे. तिच्या बाजूने भक्कम पुरावा नाही.

कंबरदुखीवर हाताच्या उपचाराने काही रुग्णांना आराम पडतो, हे खरे आहे. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत असा उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावा, एकटा नव्हे, असे सांगितले आहे. शिबिरवाला तिसऱ्या दिवशी सामान आवरून निघून जातो. मग व्यायाम शिकवणार कोण आणि दुखणे वाढले तर दाद मागायची कुणाकडे?

आमच्या भावकीतल्या एका काकूंची कंबर कित्येक महिने अशीच ‘बसवली’ जात होती. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होते, पण ते कुणी विचारलेच नाही. शेवटी कोल्हापुरात एमआरआय झाला आणि मणक्याचा क्षय निघाला. पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. मानेचे तर त्याहून नाजूक. तिथल्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. झटक्यानंतर वाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण ज्याच्या घरात घडते त्याला विरळपणाचा काय दिलासा?

यावर कुणी म्हणेल, वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या हातपाय बसवले, तेव्हा कुठे होती नोंदणी? वस्तादांबद्दल मला आदर आहे. आपल्या पठ्ठ्याचे अंग ते रोज बघतात, आणि जाणता वस्ताद हाड मोडल्याची शंका आली की स्वतःच दवाखान्याची वाट दाखवतो. आपली परंपराही आंधळी नाही. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत ती जपण्यासाठी, आणि सांधा निखळणे व हाड मोडणे यांचे प्रकारही वेगवेगळे दिले आहेत. आधी ओळख, मग उपचार, हाच तिचा क्रम आहे. हाडवैद्याने पट्ट्या करकचून आवळल्यामुळे बोटे काळी-निळी पडेपर्यंत थांबणे हे त्या परंपरेत बसत नाही.

ब्रिटनने १९९३ मध्ये ऑस्टिओपॅथीसाठी कायदा केला. तिथे नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे गुन्हा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करण्यास १९६१ च्या राज्य कायद्याने मनाई आहे, पण ‘आम्ही गोळी-इंजेक्शन देत नाही’ एवढे म्हटले की सगळे गप्प बसतात. फिजिओथेरपिस्टसाठी राज्यात परिषद आहे, म्हणजे चौकशीला एक दार तरी आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. शिबिराला परवानगी देण्याआधी ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी नोंदणी तपासावी आणि तिचा क्रमांक फलकावर लिहायला लावावा. शिबिरात मानेला झटका देण्यावर सरसकट बंदी घालावी. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायमस्वरूपी फिजिओथेरपिस्ट असावा. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून कंबरेच्या व्यायामासाठी आठवड्याला कोण जाईल? जवळ खात्रीचा उपचार मिळाला नाही, तर माणसे शिबिराच्याच रांगेत उभी राहणार. तिसरी मागणी मान्य झाल्याशिवाय पहिल्या दोन टिकणार नाहीत.

तोवर वाचकांना कळकळीची विनंती : लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पायातली शक्ती कमी होणे, ताप, उतरणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा ठिसूळ हाडे, यातले काहीही असेल तर कुणालाही कंबरेला हात लावू देऊ नका, आधी डॉक्टर गाठा. आणि उपचाराला झोपण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारा. जो त्या प्रश्नाने चिडेल, त्याच्याकडून उठून या.

आपला,
एक वाचक
गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर