चूक कोडची, शिक्षा आडनावाला?

मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या!

आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्यांची माहिती बदलायचा फॉर्म होता. सगळ्यांची बदलायची, फक्त डिसूझा नावाच्या मैत्रिणीची नाही. एरर दिसेना, कारण एरर दाखवणं आम्हीच बंद केलेलं. दोन रात्री गेल्या. शेवटी अपडेट क्वेरी जशीच्या तशी प्रिंट केली आणि ट्यूब पेटली. इंग्रजीत तिच्या आडनावात 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी आहे. डेटाबेसला वाटलं नाव तिथेच संपलं. पुढचं 'सूझा' त्याने कमांड म्हणून वाचलं. सिंटॅक्स एरर!

ग्रुपचा तोडगा काय, तर "तिला सांग, अपॉस्ट्रॉफी टाकू नको." मला हे मुळीच पटलं नाही. नाव तिने का बदलायचं? शिवाय त्याच फटीतून कोणीही मुद्दाम कमांड घुसवू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच, जे आपण फक्त परीक्षेपुरतं पाठ करतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरी आधी जाते, नाव मागाहून वेगळं. पीएचपीत ही सोय २००४ पासून आहे, तरी आपण सीनियर्सची जुनी क्वेरी कॉपी-पेस्ट करतोय. आमची बदलायला चार ओळी पुरल्या. डिसूझाबाई आता अपॉस्ट्रॉफीसकट सेव्ह होतात.